गिअरचा दांडा घट्ट करण्याचे घरगुती उपाय: ४,२६० रुपयांचा हिशेब

ज्या वस्तूंबद्दल आणि उपायांबद्दल पुढे लिहिले आहे, त्या सगळ्या मी एकाच गाडीवर, मार्च ते पुढचा फेब्रुवारी अशा जवळजवळ वर्षभराच्या काळात, बहुतेक रविवारी सकाळी घरासमोर बसून स्वतः वापरून पाहिल्या आहेत. गाडी २०१० सालची, १.२ लिटर पेट्रोल इंजिनाची, पाच गिअरची लहान हॅचबॅक असून माझ्याकडे येईपर्यंत ती दोन मालकांच्या हातून १ लाख २८ हजार किलोमीटर चाललेली होती. तिच्या कंपनीचे नाव देत नाही, कारण एवढ्या वापरानंतर रबर झिजले तर त्यात कंपनीचा दोष काढणे बरोबर नाही आणि या वर्गातल्या बहुतेक गाड्यांची रचना इतकी सारखी असते की नावाने फारसा फरकही पडत नाही. एकूण ४,२६० रुपये खर्च झाले. त्यांपैकी १,३७० रुपये सरळ वाया गेले, आणि ते कशात गेले हे सांगणे मला उरलेल्या रकमेच्या कौतुकापेक्षा जास्त उपयोगाचे वाटते.

तक्रार अशी होती की न्यूट्रलमध्ये गिअरचा दांडा ताकात रवी फिरावी तसा गरगर फिरत असे. गिअर पडला की नाही हे हाताला कळत नसे, ते क्लच सोडल्यावर कळे. मलकापूरच्या पुढचा आंबा घाट चढताना दुसऱ्यातून तिसरा टाकायला गेले की दांडा मधल्या रांगेत न येता पहिल्याच्या बाजूलाच रेंगाळे, गाडीचा वेग तेवढ्यात पडे आणि मागचा ट्रक हॉर्न वाजवायला लागे. एका गॅरेजमध्ये दाखवल्यावर दांडा हातात घेऊन न पाहताच ‘गिअरबॉक्स उतरवावा लागेल, सोळा हजार धरा’ असे सांगण्यात आले. गिअरबॉक्स उतरवण्याची गरज खरोखर असते तेव्हा त्याला पर्याय नसतो, पण ती आहे की नाही हे ठरवण्याची परीक्षा फुकट आहे आणि ती कोणालाही घरी करता येते.

इंजिन बंद असताना सगळे गिअर सहज पडत असतील आणि इंजिन चालू केल्यावर मात्र पहिला आणि रिव्हर्स अडत असतील, तर क्लच पूर्ण सुटत नाही असे समजावे. केबलचा क्लच असेल तर त्याचा प्ले, म्हणजे मोकळी हालचाल, तपासावा, तेलाचा असेल तर तेलाची पातळी पाहावी आणि आत हवा शिरली आहे का याची खात्री करावी. गिअर फक्त सकाळी पहिले दोन-तीन किलोमीटर जड जात असतील तर संशय गिअर ऑइलवर घ्यावा. एकच ठरावीक गिअर, गाडी पूर्ण तापल्यावरही, जरा घाई केली की खरखर करत असेल तर त्या गिअरची सिंक्रो रिंग, म्हणजे गिअर पडण्याआधी वेग जुळवून देणारी कडी, झिजलेली असण्याची शक्यता मोठी, आणि तिथे या लेखातला एकही उपाय चालणार नाही. एक्सलरेटर दाबताना आणि सोडताना पुढून ‘ठक्’ असा आवाज येऊन गाडी हिसका देत असेल, किंवा दांडाच मागे-पुढे हलत असेल, तर इंजिनाचे फाउंडेशन, म्हणजे इंजिनाला धरून ठेवणारा रबरी आधार, पाहावे. दांडा सगळ्याच गिअरमध्ये सारखाच सैल असेल तर दोष दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंतच्या जोडकामात आहे. माझ्या गाडीत जोडकाम, फाउंडेशन आणि ऑइल असे तिन्ही दोष होते, सिंक्रो मात्र शाबूत होते. रिव्हर्स कधीमधी करकरत असे, पण अनेक गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो नसतोच. क्लच दाबून दोन सेकंद थांबले की तो आवाज बंद होतो, त्यासाठी काही विकत घ्यावे लागत नाही.

जोडकामाचा ढिलेपणा एवढा का जाणवतो याचे उत्तर साध्या तरफेत आहे. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या आजच्या बहुतेक गाड्यांत दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत दोन केबल जातात: एक डावी-उजवी रांग निवडते, दुसरी पुढे-मागे गिअर टाकते. दांडा एका गोल सांध्यावर डुलतो आणि त्या सांध्याच्या खाली केबलची कडी एका पिनेवर बसवलेली असते. माझ्या गाडीत सांध्यापासून नॉबपर्यंतचे अंतर २७ सेंटिमीटर आणि सांध्यापासून त्या पिनेपर्यंतचे अंतर साडेचार सेंटिमीटर भरले, म्हणजे प्रमाण सहास एक. खाली पिनेपाशी केवळ दीड मिलिमीटर मोकळी जागा झाली तरी वर हाताला ती नऊ मिलिमीटर होऊन पोचते. मी दांड्याभोवतीच्या कॉन्सोलवर, म्हणजे दोन सीटांमधल्या प्लॅस्टिकच्या आवरणावर, कागदी मोजपट्टी चिकटवून तिसऱ्या गिअरमध्ये दांडा किती मागे-पुढे हलतो ते मोजले, तेव्हा आकडा २२ मिलिमीटर आला. पुढच्या प्रत्येक उपायानंतर याच पट्टीवर पुन्हा मोजले, कारण नव्या वस्तूचे पैसे मोजल्यावर हाताला सुधारणा आपोआप जाणवू लागते आणि त्या जाणिवेवर विसंबून परीक्षण लिहिता येत नाही.

कॉन्सोल उघडायला एक साधा स्क्रू-ड्रायव्हर आणि थोडा धीर पुरतो. दांड्याभोवतीचे रेक्झिनचे कव्हर कडेने दाबून वर ओढले की सुटते, खालचे चार स्क्रू काढले की कॉन्सोल मागे सरकवता येतो. काढण्यापूर्वी प्रत्येक टप्प्याचा मोबाइलवर फोटो घ्यावा, विशेषतः केबलच्या कडीवरची क्लिप कोणत्या बाजूने बसली आहे त्याचा. हँडब्रेक लावलेला असावा आणि चाकाला दगड असावा, कारण दांडा सुटल्यावर गाडी गिअरमध्ये ठेवून उभी करण्याचा पर्याय उरत नाही. माझ्या गाडीत केबलच्या कडीतला रबरी बुश, म्हणजे कडी आणि पिन यांच्यामधली रबराची छोटी नळी, बोटाने दाबला तर त्याचा काळा चुरा झाला. पिनेवर तो कुठे घट्ट बसलाच नव्हता, नुसता टेकलेला होता.

हा बुश सुटा विकत मिळेल अशी माझी भाबडी समजूत होती. सुट्या भागांच्या काउंटरवर सांगण्यात आले की बुश वेगळा येत नाही, दोन्ही केबलचा जोड घ्यावा लागेल आणि त्याची किंमत ३,४०० रुपये. वीस रुपयांच्या रबरासाठी केबलचा जोड घ्यायला मन तयार होईना. सुदैवाने मी कोल्हापुरात राहतो. शिवाजी उद्यमनगरात ऑइल इंजिनाच्या काळापासून लेथवर वाटेल ते करून देणारी माणसे आहेत, आणि जुना नमुना किंवा नुसते माप घेऊन गेले तरी तासाभरात बुश हातात पडतो. मी व्हर्नियरने कडीचा आतला व्यास आणि पिनेचा बाहेरचा व्यास मोजून नेला. पिन मुळात दहा मिलिमीटरची असावी, पण वर्षानुवर्षे झिजून ती एका बाजूला ९.६ भरत होती. ही गोष्ट महत्त्वाची आहे, कारण तयार बुश आणून बसवला असता तरी या झिजलेल्या पिनेवर तो सैलच राहिला असता. बुश झिजलेल्या पिनेच्या मापाने कातून घ्यावा लागतो, आणि त्याआधी पिन बारीक पॉलिश पेपरने गोल करून घ्यावी लागते.

इथे माझी पहिली चूक झाली. टर्नरमामांनी नायलॉन आणि अ‍ॅसिटल, म्हणजे बाजारात डेलरिन या नावाने ओळखले जाणारे प्लॅस्टिक, अशा दोन सळया पुढे ठेवल्या. नायलॉन स्वस्त होते आणि मला बुश अगदी घट्ट, केसभरही फट न ठेवता हवा होता. मामा म्हणाले, ‘पावणं, नायलॉन पावसात फुगतंय. जरा जागा सोडाय पायजे, न्हाईतर दांडा धरंल.’ मला वाटले, गाडीच्या आत, कार्पेटच्या खाली पाऊस कुठून येणार? दोनशे रुपयांत दोन बुश करून घेतले आणि सिलिकॉन ग्रीस लावून बसवले. त्याच संध्याकाळी पट्टीवर आकडा २२ वरून १३ वर आला, म्हणजे तरफेच्या हिशेबाप्रमाणे बरोबर नऊ मिलिमीटर कमी झाले. गाडी बदलल्यासारखी वाटली. एप्रिल आणि मे मी त्या आनंदात काढले.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात दांडा मधल्या रांगेत परत येईनासा झाला. पाचव्यातून सोडला की तो उजवीकडेच राही आणि हाताने ओढून मध्ये आणावा लागे. नायलॉन हवेतली आर्द्रता शोषते, आणि कोल्हापूरच्या पावसाळ्यात ती किती असते हे कपाटातल्या चपलांना येणाऱ्या बुरशीवरून कळते. शोषलेल्या पाण्याने बुशाचे माप एका मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याने जरी वाढले तरी फट न ठेवलेल्या बुशाला ते पुरते. अ‍ॅसिटल त्या मानाने फारच कमी पाणी घेते. मी मुकाट्याने परत गेलो. मामांनी काही बोलून दाखवले नाही, फक्त दुसरी सळई चकमध्ये धरली. यावेळी पिनेभोवती ०.०५ मिलिमीटर जागा ठेवून अ‍ॅसिटलचे दोन बुश करून घेतले, त्यांचे साडेतीनशे रुपये झाले. आकडा तोच राहिला आणि दांडा पुन्हा आपोआप मध्ये येऊ लागला. संपूर्ण खर्चात या साडेतीनशे रुपयांइतके मोल मला दुसऱ्या कशाचेच मिळाले नाही. ज्यांच्या गावी लेथ नाही त्यांनी तयार पॉलियुरेथेन बुश शोधावेत, पण पिनेचे माप घेतल्याशिवाय काहीही मागवू नये.

ग्रीसबद्दल दोन शब्द. १८० रुपयांची सिलिकॉन ग्रीसची छोटी ट्यूब मला अजून पुरते आहे. साधे खनिज तेलाचे ग्रीस रबराला लागले तर पुष्कळ प्रकारचे रबर फुगून मऊ पडते, म्हणून दांड्याच्या सांध्याजवळ सिलिकॉनच वापरावे. गंज सोडवणारा फवारा मारून दांडा ‘स्मूथ’ करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने पहिले चार दिवस छान वाटते, कारण तो आतले जुने ग्रीस धुऊन काढतो, आणि नंतर कोरडा सांधा धूळ धरून बसतो. केबलच्या नळीत तेल सोडणे तर टाळावेच. आजच्या केबलना आतून प्लॅस्टिकचे अस्तर असते, तिथे तेल धुळीचा चिखल करण्यापलीकडे काही करत नाही. केबल आतून जड झाली असेल तर ती बदलावी.

वजनदार नॉब ही या क्षेत्रातली सर्वांत लोकप्रिय वस्तू आहे आणि माझ्या मते सर्वांत चुकीच्या वेळी विकत घेतली जाणारीही. तिच्यामागचे तत्त्व खोटे नाही. गिअर टाकताना सिंक्रो क्षणभर विरोध करतो. दांड्याच्या टोकाला वजन असेल तर हाताने दिलेली गती त्या वजनात साठते आणि विरोध सुटताच दांडा स्वतःच्या जोराने पुढे सरकतो, त्यामुळे हाताला टप्पा मऊ लागतो. कंपन्यांनाही हे ठाऊक असते, म्हणून तर अनेक गाड्यांत गिअरबॉक्सवरच्या आर्मला लोखंडाचा एक गोळा मुद्दाम जोडलेला दिसतो. पन्नास मिलिमीटर व्यासाचा भरीव पोलादी गोळा सुमारे ५१० ग्रॅम भरतो, त्याच मापाचा अ‍ॅल्युमिनिअमचा १७५ ग्रॅमच्या आसपास, आणि अ‍ॅसिटलचा जेमतेम ९० ग्रॅम. चमकदार अ‍ॅल्युमिनिअमचा नॉब ‘हेवी’ म्हणून विकला जातो तेव्हा हे आकडे आठवावेत.

मी साडेसातशे रुपयांचा पोलादी नॉब एप्रिलमध्ये घेतला. घेण्यापूर्वी आटे मोजणे भाग असते: होंडाच्या अनेक गाड्यांना १० मिलिमीटर व्यासाचे दीड मिलिमीटर अंतराचे आटे असतात, टोयोटाच्या अनेक गाड्यांना १२ मिलिमीटरचे सव्वाच्या अंतराचे, आणि काही युरोपीय गाड्यांचा नॉब तर आट्यांवर नसून दाबून बसवलेला असतो. रिव्हर्ससाठी वर ओढायची रिंग ज्यांच्या नॉबखाली आहे त्यांनी तिची सोय आधी पाहावी. नॉबचा पहिला परिणाम सुखद होता. दुसऱ्यातून तिसरा एका बोटाने पडू लागला. दुसरा परिणाम रंकाळ्याजवळ दुपारी दोन तास गाडी उन्हात ठेवल्यावर कळला, जेव्हा पोलादाला तळहात लागला आणि मी गाडीतून बाहेर येऊन हात झटकत उभा राहिलो. तिसरा परिणाम हळूहळू लक्षात आला. खड्ड्यातून जाताना ते अर्धा किलो वजन दांड्याला झोके देते आणि तो भार आत गिअर जागेवर धरणाऱ्या स्प्रिंगवर येतो. जुन्या गाडीत ती स्प्रिंग आधीच थकलेली असू शकते, आणि चालत्या गाडीतून गिअर निसटणे ही काही गंमत नव्हे.

शेवटी पोलादी नॉब काढून कपाटात ठेवला आणि मूळ प्लॅस्टिकच्या पोकळ नॉबमध्ये, चाकाच्या बॅलन्सिंगसाठी वापरतात ती पाच आणि दहा ग्रॅमची चिकट वजने एपॉक्सीने बसवून त्यात १२० ग्रॅमची भर घातली. टायरवाल्याने काढून ठेवलेली जुनी लोखंडी वजने पैसे न घेता दिली. शिशाची असतील तर घेऊ नयेत किंवा हातमोजे घालून हाताळावीत. परिणाम पोलादी नॉबच्या निम्माही नाही, पण हात भाजत नाही, आणि बुश घट्ट झाल्यावर एवढ्यानेही टप्पा चांगला लागतो. ढिल्या जोडकामावर जड नॉब बसवला तर ढिलेपणा जड होतो, एवढेच.

दांड्याचा संपूर्ण पाया गाडीच्या तळाला चार बोल्टांनी, रबरी गोट्यांमधून बसवलेला असतो. जोर देऊन गिअर टाकला की पायाच किंचित डुलतो. यावर अ‍ॅल्युमिनिअमचे घट्ट बुश मिळतात. मी मात्र स्वयंपाकघरातून निवृत्त झालेल्या भाजी चिरायच्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पाटातून ड्रिलच्या होल-सॉने आठ चकत्या कापल्या आणि रबराच्या जागी घातल्या. खर्च शून्य. बोल्टाभोवतीची मूळ लोखंडी नळी तशीच ठेवणे आवश्यक आहे, नाहीतर बोल्ट आवळताना पायाचे प्लॅस्टिक तडकते. पट्टीवरचा आकडा १३ वरून १० वर आला. त्याबदल्यात इंजिनाची बारीक गुणगुण दांड्यात येऊ लागली, विशेषतः चौथ्या गिअरमध्ये ताशी साठच्या पुढे. सायकलच्या जुन्या ट्यूबचा एकेक पातळ तुकडा चकतीखाली घातल्यावर ती बरीच कमी झाली आणि आकडा दहाच राहिला. ज्यांना शांत गाडी आवडते त्यांनी हा उपाय सोडून द्यावा. तीन मिलिमीटरसाठी मी तो पुन्हा केलाच असता असे म्हणवत नाही.

फाउंडेशनचा प्रयोग हा या सगळ्यातला सर्वांत मोठा मूर्खपणा होता. इंजिनाला मागे-पुढे डुलण्यापासून रोखणाऱ्या खालच्या फाउंडेशनमध्ये रबराच्या आजूबाजूला मुद्दाम मोकळ्या खाचा ठेवलेल्या असतात. पुढची काच चिकटवण्याचे काळे पॉलियुरेथेन या खाचांत भरले की नवे फाउंडेशन न घेता इंजिन घट्ट बसते, असे मी ठिकठिकाणी वाचले होते. नवीन फाउंडेशन ११५० रुपयांना, ट्यूब ४२० रुपयांना. मला ७३० रुपये वाचवण्याचा मोह झाला. भरले, आठवडाभर सुकू दिले, बसवले. ‘ठक्’ आवाज गेला आणि त्याच्या जागी सिग्नलवर एसी चालू असताना संपूर्ण डॅशबोर्ड, आरसा आणि दाराच्या खिशातली नाणी एका सुरात वाजू लागली. रबरातल्या त्या खाचा इंजिनाच्या संथ धडधडीला वाट देण्यासाठीच असतात. वाट बुजवल्यावर धडधड गाडीत उतरली. शिवाय माझे रबर आधीच तडकलेले होते आणि त्यावर भरलेला लेप तीन आठवड्यांत एका कडेने सुटला. मग नवे फाउंडेशन आणलेच. ते बसवताना गाडी जॅकवर उचलली असेल तर खाली घोडी (गाडीचा भार पेलणारा स्टँड) लावल्याशिवाय आत जाऊ नये आणि इंजिनाला लाकडी ठोकळ्याचा आधार दिल्याशिवाय बोल्ट सोडू नये. नव्या फाउंडेशनने पट्टीवरचा आकडा बदलला नाही, पण गिअर टाकून क्लच सोडतानाचा हिसका गेला.

गिअर ऑइल डिसेंबरपर्यंत लांबणीवर टाकले होते. सकाळी चौदा-पंधरा अंश तापमानाला दुसरा गिअर पहिले दोन किलोमीटर नकोसा होई. या गाडीची पुस्तिका जीएल-४ प्रतीचे, ७५डब्ल्यू-८० एवढ्या दाटपणाचे तेल सांगते. दुकानात मात्र ‘जीएल-५ घ्या, वरची क्वालिटी आहे’ असा आग्रह झाला. पाच हा आकडा चारपेक्षा मोठा असल्यामुळे हा गैरसमज होतो. जीएल-५ मध्ये अतिदाब सहन करणाऱ्या गंधक-फॉस्फरसयुक्त घटकांचे प्रमाण जीएल-४ च्या साधारण दुप्पट असते आणि ते डिफरन्शियलच्या, म्हणजे चाकांना जोर वाटून देणाऱ्या भागाच्या, एकमेकांवर घसरत फिरणाऱ्या हायपॉइड दातांसाठी आवश्यक असते. सिंक्रो रिंगचे काम वेगळे आहे. ती बहुधा पितळी असते आणि गिअरच्या शंकूवर घासूनच दोघांचा वेग सारखा करते. तिला तेल हवे, पण इतके निसरडे नको की घर्षणच उरणार नाही, आणि जुन्या धाटणीचे गंधकयुक्त घटक पितळेला खातातही. दोन्ही प्रतींत बसणारी तेले बाजारात आहेत, पण पुस्तिकेत जीएल-४ लिहिले असेल तर डब्यावर जीएल-४ वाचूनच घ्यावे.

हे सिंक्रो १९२८ साली कॅडिलॅकने पहिल्यांदा गाडीत आणले. त्याआधी प्रत्येक चालकाला दोनदा क्लच दाबून, मध्ये एक्सलरेटर देऊन वेग जुळवावा लागे, आणि आपल्याकडचे जुने ट्रकचालक डबल क्लच मारत ते याच कारणाने. थंडीतल्या पहिल्या दोन किलोमीटरांत ही युक्ती आजही कामाला येते आणि सिंक्रोचे आयुष्य वाढवते.

ऑइल बदलताना एक नियम मोडू नये: आधी भरायचा बोल्ट सोडून पाहावा, मगच खालचा निचऱ्याचा. शेजारच्या काकांनी उलटे केले होते. तेल सगळे परातीत आले आणि भरायच्या बोल्टाची गंजलेली कड पान्यात गोल झाली, तेव्हा गाडी दोरीने ओढत न्यावी लागली. गाडी समपातळीवर असावी, थोडी तापवलेली असावी, आणि नवे तेल भरायच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत येऊन ओघळू लागले की थांबावे. निचऱ्याच्या बोल्टावर लोहचुंबक असेल तर त्यावर जमलेली बारीक राखाडी पेस्ट ही नेहमीची झीज आहे. तुकडे किंवा भरपूर पिवळी चकाकी दिसली तर गिअरबॉक्स जाणकाराला दाखवावा. माझ्या गाडीत अडीच लिटर मावले. ३९० रुपयांप्रमाणे तीन डब्यांचे ११७० आणि दोन नव्या वॉशरचे ४० रुपये झाले. काढलेले तेल काळेच होते असे नाही, पण त्याला जळका वास होता. ते गटारात न टाकता गॅरेजच्या पिंपात नेऊन दिले.

दुसऱ्या गिअरचा सकाळचा त्रास निम्म्याहून कमी झाला, पूर्ण गेला नाही. नऊ अंशांच्या एका पहाटे राधानगरीकडे जाताना तो अजूनही कुरकुरला. त्या तेलाकडून याहून अधिक अपेक्षा ठेवणे चुकीचे होते, आणि तेवढ्यासाठी महाग सिंथेटिक तेल घ्यावे असे मला वाटत नाही.

दांड्याची फेक, म्हणजे गिअर टाकताना हाताला करावी लागणारी हालचाल, कमी करणारा शॉर्ट शिफ्टर मी घेतला नाही. दांडा वरून कापून आखूड करणे किंवा सांध्याखालची भुजा लांब करणे, दोन्हींचे गणित एकच आहे. साडेचार सेंटिमीटरची भुजा साडेपाच केली तर हाताची फेक अठरा टक्क्यांनी कमी होते आणि जोर बावीस टक्क्यांनी जास्त लागतो. शहरात दिवसातून शे-दीडशे वेळा गिअर टाकणाऱ्याने हा सौदा का करावा? ज्यांच्या थंड गाडीत दुसरा आधीच जड आहे, त्यांनी तर मुळीच करू नये.

फेब्रुवारीत, अ‍ॅसिटलचे बुश बसवल्यापासून सात हजार किलोमीटर झाल्यावर, पट्टी पुन्हा लावून मोजले. आकडा ११ आला. कॉन्सोल उघडून पाहिले तर बुश गुळगुळीत होते, पाटाच्या दोन चकत्या मात्र बोल्टाखाली थोड्या दबल्या होत्या. बोल्ट पाव फेरा आवळला आणि आकडा परत दहावर आला. मामांकडे त्या सळईचा वीतभर तुकडा उरला आहे, त्यावर त्यांनी खडूने माझ्या गाडीचे माप लिहून ठेवले आहे.